वेगाचे व्याज

बँकेत नव्याने लागलेल्या उमेदवाराला पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट शिकवली जाते. व्याज झोपत नाही. सुट्टी असो, संप असो, मुसळधार पाऊस असो, दिवस उलटला की ते वाढते. पुढे परदेशी व्यापाराच्या खात्यात बदली झाली की याच गोष्टीचे दुसरे रूप समजते. माल कारखान्यातून निघालेला असतो, गिऱ्हाइकाच्या दारी पोचलेला नसतो, आणि मधल्या काळात तो दर्यावर जितके दिवस तरंगतो तितके दिवस कुणाचे तरी पैसे त्याच्याबरोबर तरंगत असतात.

माझ्या नोकरीतली बरीच वर्षे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांची निर्यातीची बिले तपासण्यात गेली. पावणे, तुर्भे, रबाळे इथल्या कारखान्यांतून रसायनांची पिंपे न्हावा शेव्याच्या बंदराकडे निघत आणि आम्ही टेबलावर बसून 'बिल ऑफ लेडिंग'वरची तारीख निरखून पाहत असू. हुंडी साठ दिवसांची की नव्वद दिवसांची, जहाज कोणत्या दिवशी सुटले, किती दिवसांत पोचेल, यावर त्या कारखानदाराचा नफा ठरे. निवृत्तीनंतर कादंबऱ्या लिहीत बसलो तरी ही सवय सुटलेली नाही. पावणे गावाच्या अंगाने जाणाऱ्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग खोळंबलेली दिसली की माझ्या मनात आपोआप दिवसांचा हिशेब सुरू होतो.

एका कादंबरीच्या तयारीसाठी जुन्या मुंबईच्या जहाजांविषयी वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की दर्यावरच्या दिवसांची ही किंमत एकोणिसाव्या शतकातल्या काही लोकांनी आपल्यापेक्षा फार नेमकी ओळखली होती. त्यांनी त्यासाठी खास जहाजेच बांधली. ती जहाजे म्हणजे क्लिपर. आपण ती सगळ्यांनी पाहिलेली आहेत. कुणी कॅलेंडरवर, कुणी चहाच्या डब्यावर, आणि काही मंडळींनी बाटलीवरही! तीन उंच डोलकाठ्या, त्यांवर खालपासून वरपर्यंत फुगलेली पांढरी शिडे, आणि पाणी कापत निघालेले निमुळते तोंड. चित्र देखणे आहे. पण त्या चित्रामागचा जमाखर्च आपल्या मुंबईच्या वहीत बराच सापडतो, आणि तो तितकासा देखणा नाही.

पोट बारीक, पाय लांब

क्लिपर म्हणजे नेमके काय? साधे मालवाहू जहाज हे गृहस्थी पोटाचे असते. जितके पोट मोठे तितका माल जास्त. क्लिपर बांधणाऱ्यांनी हा विचार उलटा केला. त्यांनी पोट बारीक केले, लांबी वाढवली, नाळ धारदार केली आणि डोलकाठ्यांवर शक्य तितके कापड चढवले. लंडनमध्ये ग्रिनिच येथे आजही जपून ठेवलेले 'कटी सार्क' हे क्लिपर २१२ फूट लांब आणि अवघे ३६ फूट रुंद आहे, म्हणजे लांबी रुंदीच्या जवळजवळ सहापट. त्याच्या शिडांचे एकूण कापड सुमारे ३२ हजार चौरस फूट होते. याउलट मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेल्या 'त्रिंकोमाली' या लढाऊ जहाजाचा तोफांचा मजला दीडशे फूट लांब आणि रुंदी सुमारे ४० फूट. लांबी रुंदीच्या चौपटही नाही. एक धावपटू, तर दुसरा पहिलवान.

पोट बारीक म्हणजे माल कमी. मग हा सौदा परवडे कसा? इथे शाळेतले द.सा.द.शे. कामाला येते. समजा, एक लाख रुपयांचा माल आहे आणि व्याज ९ टक्के आहे. प्रवासाला १२० दिवस लागले तर व्याज साधारण २,९६० रुपये होते. तोच प्रवास ९० दिवसांत झाला तर २,२२० रुपये. वाचले ७४० रुपये. आता तेवढ्याच जागेत दहा हजारांचा तांदूळ असता तर वाचले असते ७४ रुपये. तेवढ्यासाठी कोण जहाजाचे पोट बारीक करील? म्हणून क्लिपर तांदूळ, मीठ, कोळसा यांच्यासाठी जन्मलेले नव्हते. लहान जागेत मोठी किंमत सामावणारा माल, किंवा उशीर झाला तर किंमत उतरणारा माल, हेच त्यांचे खाद्य. असे माल फार नसतात. चहा हा एक. सोन्याच्या शोधात निघालेली माणसे आणि त्यांना लागणाऱ्या वस्तू हा दुसरा. आणि तिसरा अफू.

या जातीचा उगम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, बाल्टिमोरच्या परिसरात शोधला जातो. तिथली चपळ लहान जहाजे १८१२ च्या इंग्रज-अमेरिका युद्धात शत्रूची व्यापारी जहाजे लुटण्यासाठी वापरली गेली आणि पुढे गुलामांच्या चोरट्या व्यापारासाठीही. वेग हा पहिल्यापासूनच पाठलाग चुकवण्यासाठी होता, हे विसरून चालत नाही.

चपळ जहाज ही गोष्ट आपल्या किनाऱ्याला नवी नव्हती. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातली गलबते चाळीस-पन्नास वल्ह्यांच्या जोरावर वारा पडला असतानाही इंग्रजांच्या अवजड जहाजांभोवती घिरट्या घालीत. आणि आपली पत्तेमारी! हा शब्द मोठा गंमतीचा आहे. जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत 'पातामार' म्हणजे पायी टपाल नेणारा जासूद. पुढे तेच नाव निरोप घेऊन किनाऱ्याने धावणाऱ्या जहाजाला लागले आणि आपल्याकडे ते पत्तेमारी किंवा फत्तेमारी म्हणून रुळले. निमुळती नाळ, तिरकस शीड, वाऱ्याच्या अंगावर जाण्याची हातोटी हे सारे गुण तिच्यात होते. तिची धाव मात्र मुख्यतः किनाऱ्याची. महासागर ओलांडून चीनपर्यंत वर्षातून अनेकदा धावणे हे काम निराळे होते.

१८३० सालचे दोन प्रवास

आपल्या समुद्राचा कारभार मोसमी वाऱ्यांच्या हाती. उन्हाळा संपता संपता नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की हिंदुस्थानातली जहाजे चीनकडे निघत, आणि हिवाळ्यात ईशान्येचे वारे सुरू झाले की परत येत. म्हणजे वर्षाला एक खेप. कलकत्त्याला कंपनी सरकार अफूचे लिलाव हिवाळ्यात करी. माल घेतलेला व्यापारी पुढचे काही महिने वारा फिरण्याची वाट पाहत बसे आणि त्याचे व्याज चढत राही. चीनच्या समुद्रात हिवाळी वारा समोरून येतो. त्याच्या तोंडावर जहाज हाकणे हा वेडेपणा समजला जाई.

तो वेडेपणा विल्यम क्लिफ्टन नावाच्या कप्तानाने केला. १८२९ च्या डिसेंबरात हावड्याला 'रेड रोव्हर' हे अवघ्या अडीचशे टनांचे जहाज पाण्यात उतरले. त्याचा आराखडा १८१२ च्या युद्धातल्या एका चपळ अमेरिकी जहाजावर बेतलेला होता. जानेवारी १८३० मध्ये ते हुगळीच्या मुखातून बाहेर पडले, समोरच्या वाऱ्याला नागमोडी छेद देत मकावला पोचले आणि ८६ दिवसांत जाऊन-येऊन एप्रिलच्या सुरुवातीला कलकत्त्यात परत हजर झाले. वर्षाला एक खेप हा शतकांचा नियम मोडला. तेच भांडवल आता वर्षातून दोनदा, तीनदा फिरणार होते. बँकवाल्याला याहून गोड बातमी दुसरी कोणती?

या बातमीचा अर्थ मुंबईकर पारशांनी ताबडतोब ओळखला. मुंबईहून कलकत्त्याला जाऊन स्थायिक झालेले रुस्तमजी कावसजी बनाजी यांनी १८३१ साली 'सिल्फ' हे क्लिपर पाण्यात उतरवले आणि पुढे खिदिरपूरची गोदीच विकत घेतली.

मुंबईत काय चालले होते? सुरतेहून १७३६ साली आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांचे घराणे इथल्या गोदीत पिढ्यानपिढ्या जहाजे बांधत होते. मलबारच्या सागाची त्यांची कीर्ती विलायतेपर्यंत होती. ओकच्या लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे खाऊन जातात, सागातल्या तेलाने ते टिकतात, हे इंग्रजांच्या आरमारालाही मान्य करावे लागले. याच गोदीत 'ह्यू लिंडसे' ही आगबोट तयार झाली आणि २० मार्च १८३० रोजी ती सुएझकडे निघाली. रेड रोव्हर अजून परतीच्या वाटेवर होते तोवरच! ह्यू लिंडसेचे पोट इतके लहान की कोळसा मावेना. डेकवर, खोल्यांतून, जिथे जागा मिळेल तिथे कोळसा भरून ती कशीबशी एडनला पोचली आणि वाटेत थांबत थांबत महिन्याभराने सुएझला लागली. त्या दिवसांत दोन्ही बातम्या वाचणाऱ्याने पैज कुणावर लावली असती? शिडाच्या जहाजावरच. चाळीस वर्षांनी निकाल उलटा लागणार आहे हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

पेट्यांमधला माल

मुंबईच्या वाट्याची अफू माळव्याची. इंदूर-उज्जैनकडच्या शेतांतला हा माल आधी कंपनीचा डोळा चुकवून पोर्तुगिजांच्या दमणमार्गे बाहेर जाई. १८३० च्या सुमारास कंपनीने शहाणपण केले आणि परवान्याचे शुल्क भरून तो मुंबईहून पाठवण्याची मुभा दिली. चोरवाट बंद करण्याऐवजी तिच्यावर नाका बसवला म्हणा ना! सुमारे ६० किलोची एक पेटी. जागा थोडी, किंमत प्रचंड. क्लिपरसाठी याहून योग्य माल नाही. चीनच्या बादशाहीने अफूवर बंदी घातलेली होती, त्यामुळे किनाऱ्याजवळ पहारा चुकवण्यासाठीही वेग लागे.

या व्यापारातले मुंबईचे सर्वांत मोठे नाव सर जमशेटजी जीजीभाई. लहानपणीच आईबाप गेलेला, रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यावरून 'बाटलीवाला' म्हणवला गेलेला हा मुलगा तरुणपणी चीनच्या वाऱ्या करू लागला. १८०५ साली 'ब्रन्सविक' या जहाजावरून जात असताना फ्रेंचांनी जहाज पकडले आणि त्याला केप ऑफ गुड होपपर्यंत फरफटत नेले. त्याच जहाजावर डॉक्टर म्हणून होता विल्यम जार्डिन, पुढे चीनच्या अफू-व्यापारातला सर्वांत बलाढ्य ब्रिटिश व्यापारी. १८१४ साली जमशेटजींनी 'गुड सक्सेस' हे स्वतःचे पहिले जहाज घेतले. मुंबई ते कँटन या मार्गावर जार्डिन आणि जमशेटजी यांचा सौदा पुढे वर्षानुवर्षे चालला.

१८३८-३९ पर्यंत चीनमध्ये जाणाऱ्या अफूच्या पेट्या वर्षाला चाळीस हजारांच्या घरात गेल्या. १८३९ च्या जूनमध्ये बादशहाचा आयुक्त लिन झेशू याने वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून चुना-मिठाच्या पाण्यात कालवून समुद्रात सोडल्या. मग युद्ध झाले आणि चीन हरला. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला, हाँगकाँग इंग्रजांना मिळाले, वर २ कोटी १० लाख चांदीच्या डॉलरांची भरपाई. हा तह ज्या जहाजावर सह्या करून झाला त्याचे नाव 'कॉर्नवॉलिस'. ७४ तोफांचे हे जहाज १८१३ साली आपल्या मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी मलबारच्या सागातून बांधलेले! शाळेच्या पुस्तकात हा तह आपण परक्या देशांची गोष्ट म्हणून वाचला. प्रत्यक्षात माल आपला, व्यापारी आपले, आणि सह्या झाल्या तो तक्तादेखील आपल्याच सुतारांनी रंधलेला.

याच वर्षी जमशेटजींना 'सर' ही पदवी मिळाली. त्यांच्या दानातून जे. जे. रुग्णालय उभे राहिले, पुण्याचा बंधारा झाला, कलाशाळा निघाली. त्यांच्या पत्नी अवाबाईंच्या पैशाने माहीमची खाडी ओलांडणारा रस्ता झाला. हे वाचणाऱ्यांपैकी कित्येकांचा जन्म जे. जे. मध्ये झाला असेल. त्या दानाला मी खोटे म्हणणार नाही. तो काळ, ते कायदे, त्या समजुती वेगळ्या होत्या. पण हिशेब मांडायला बसल्यावर एक बाजू कोरी ठेवता येत नाही. जमेच्या बाजूला मुंबईतले रुग्णालय आहे, तर नावेच्या बाजूला कँटनमधल्या अफूच्या अड्ड्यात पडून राहिलेला माणूस आहे. दोघांच्या मधला पूल म्हणजे ती देखणी, निमुळती, पांढऱ्या शिडांची जहाजे.

माल मागे, बातमी पुढे

अफूनंतर मुंबईला कापसाने वेड लावले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडची बंदरे रोखली गेली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाड-खानदेश-गुजरातचा कापूस आठवला. भाव गगनाला भिडले. त्या चार-पाच वर्षांत मुंबईत नेहमीपेक्षा आठ कोटी पौंड जास्त आले असे सांगतात. कापसाच्या गासड्या शिडाच्या जहाजांतून केपला वळसा घालून लिव्हरपूलला जात. प्रवास तीन-चार महिन्यांचा. टपाल मात्र आगबोटीने आणि मधे इजिप्तच्या रेल्वेने महिन्याभरात पोचे, आणि १८६५ पासून तर इराणच्या आखातातून तारायंत्र सुरू झाले.

या फरकात सगळे नाट्य आहे. माल चार महिन्यांच्या वेगाने जात होता आणि भाव त्याच्या कितीतरी पट वेगाने येत होता. प्रेमचंद रायचंद यांच्याविषयी असे सांगितले जाते की लिव्हरपूलचे भाव इतरांच्या आधी कळावेत म्हणून ते बंदराबाहेर होड्या पाठवून येणारी टपालबोट गाठत. इतरांपेक्षा दोन तास आधी बातमी कळणे हे दोन महिने आधी माल पोचण्यापेक्षा जास्त फायद्याचे झाले होते. वेगाचे राज्य शिडावरून तारेवर निघाले होते, आणि डोलकाठीवर चढलेल्या खलाशाला त्याचा पत्ताही नव्हता.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल लीने शस्त्रे खाली ठेवली. चढ्या भावाने भरलेला कापूस अजून भर समुद्रात असतानाच तो इथे स्वस्त झाला. १ जुलै १८६५ हा शेअरच्या वायद्यांचा दिवस उजाडला आणि शहर दिवाळ्यात निघाले. शेअर तारण ठेवून कर्जे वाटणारी बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली गुंडाळावी लागली. आमच्या पिढीच्या बँक अधिकाऱ्यांना प्रशिक्षणात ही कथा सांगितली जाई ती तारणाचा धडा म्हणून. मला ती वेगाचाही धडा वाटते. सगळेच जेव्हा धावतात तेव्हा कुणी थांबून तारणाचा दस्त वाचत नाही.

अठ्ठावीस मिनिटे

क्लिपरांच्या वैभवाचा कळस म्हणजे चहाची शर्यत. चीनमधला नव्या हंगामाचा पहिला चहा लंडनला जो आधी आणील त्याला टनामागे जादा दहा शिलिंग. १८६६ च्या मेअखेर फूचौहून अनेक जहाजे निघाली. चीनचा समुद्र, हिंदी महासागर, केप, अटलांटिक असा अर्ध्या जगाला वळसा घालून ९९ दिवसांनी, ६ सप्टेंबरला, 'टाइपिंग', 'एरियल' आणि 'सेरिका' ही तीन जहाजे एकाच दिवशी लंडनच्या गोद्यांत शिरली. टाइपिंग आणि एरियल यांच्यात अंतर किती? २८ मिनिटांचे. लंडनची वर्तमानपत्रे आनंदाने वेडी झाली. बक्षीस दोघांत वाटून घेतले गेले.

पण त्याच वर्षीच्या दोन गोष्टी त्या गर्दीत फारशा कुणी पाहिल्या नाहीत. एक म्हणजे, एवढा चहा एकाच दिवशी आल्याने भाव पडला आणि पहिले येण्याचा फायदाच उरला नाही. दुसरी म्हणजे, 'एर्ल किंग' नावाची एक आगबोट त्यांच्या नंतर निघून, ७७ दिवसांत, पंधरा दिवस आधीच लंडनला येऊन चहा उतरवून मोकळी झाली होती. टाळ्या मात्र तिच्या वाट्याला आल्या नाहीत. ती वाफेवर चालणारी होती ना!

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा उघडला. तांबड्या समुद्रातले वारे शिडाच्या जहाजांच्या सोयीचे नाहीत, त्यामुळे तो कालवा आगबोटींचाच झाला. आणि बरोबर पाच दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, स्कॉटलंडमध्ये कटी सार्क पाण्यात उतरले. चहाच्या शर्यती जिंकण्यासाठी बांधलेले हे जहाज जन्मले तेव्हाच ती शर्यत संपलेली होती. बांधणाऱ्यांनी सौदा इतका कमी भावात घेतला होता की जहाज पुरे होण्याआधीच त्यांचे दिवाळे निघाले आणि उरलेले काम दुसऱ्या कंपनीने केले. चहाच्या आठ खेपा करून ते पुढे ऑस्ट्रेलियाच्या लोकरीकडे वळले, तिथे त्याने नाव कमावले, आणि १८९५ साली पोर्तुगिजांना विकले गेले. त्याच्या बाजूच्या फळ्या, पाण्याच्या रेषेच्या वर, सागाच्याच आहेत.

आणि १८६६ चे ते तीन वीर? टाइपिंग १८७१ साली खडकावर फुटले. सेरिका १८७२ साली चीनच्या समुद्रात बुडाले. एरियल त्याच वर्षी लंडनहून सिडनीला निघाले ते पुन्हा कुणाला दिसलेच नाही. आमच्या घाटातल्या पाट्यांवर लिहिलेले असते, अति घाई संकटात नेई. क्लिपरच्या डोलकाठीवर ती पाटी लावायला हवी होती. शिडे उतरवण्याची वेळ आली तरी कप्तान ती उतरवू देत नसत. त्या काळोख्या वादळात आडव्या काठीवर पोटावर लोंबकळून भिजलेले कापड आवळणारा खलाशी मात्र बक्षिसातल्या शिलिंगांचा वाटेकरी क्वचितच असे.

आपल्याकडून जाणाऱ्या जहाजांवर ही माणसे आपली होती. अधिकारी गोरे, खलाशी देशी. सारंग, तांडेल, सुकाणी हे हुद्दे इंग्रजांनी आपल्या नोंदवह्यांत जसेच्या तसे घेतले. ठाणे-रायगडच्या किनाऱ्यावरच्या कोळी-आगरी वस्त्यांत आजही दारावर 'तांडेल' ही पाटी दिसते. शेटजींचे पुतळे झाले, कप्तानांची चरित्रे निघाली. तांडेलांचे फक्त आडनाव उरले.

नावे कोणाच्या?

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे वेगाचा हा बाजार संपलेला नाही. २००८ नंतर इंधन महागले आणि मंदी आली तेव्हा कंटेनर कंपन्यांनी मुद्दाम जहाजे सावकाश हाकायला सुरुवात केली. ताशी चोवीस-पंचवीस नॉटवरून कित्येक जहाजे विसाच्या खाली आली, म्हणजे चांगल्या वाऱ्यात कटी सार्क जे सतरा नॉट गाठत असे त्याच्या आसपास. हिशेब जमला नाही की वेग सोडायला व्यापाऱ्याला क्षणही लागत नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि २०२४ मध्ये युरोपला जाणारी बहुतेक मोठी जहाजे पुन्हा केपला वळसा घालू लागली. क्लिपरांचाच रस्ता! प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, विमा वाढला, आणि आपल्या पट्ट्यातल्या लहान निर्यातदारांच्या हुंड्यांच्या मुदती कोलमडल्या. मोठ्या कंपन्यांनी भाडे वाढवून घेतले. लहान कारखानदाराने ते पंधरा दिवसांचे व्याज निमूट भरले.

आणि घरातच पाहा. काही मिनिटांत किराणा दारात हवा, ही सवय आपल्याला गेल्या काही वर्षांत लागली. कोथिंबिरीची जुडी घेऊन पावसात, सिग्नलच्या गर्दीतून दुचाकी हाकणारा मुलगा आपल्या जिन्यात धापा टाकतो तेव्हा आपण घड्याळ पाहतो. मी वेगाचा शत्रू नाही. वेळेवर पोचलेले औषध जीव वाचवते, वेळेवर पोचलेला माल कारखाना वाचवतो. पण आठ रुपयांच्या कोथिंबिरीसाठी तो वेग कशाला? क्लिपर बांधणाऱ्यांना निदान एवढे कळत होते की हलक्या मालासाठी वेग विकत घेऊ नये.

बँकेच्या वहीत दोन बाजू असतात, जमा आणि नावे. एका बाजूला आकडा पडला की दुसऱ्या बाजूला तो पडलाच पाहिजे, नाहीतर संध्याकाळी वही जुळत नाही आणि कुणी घरी जाऊ शकत नाही. वेगाचा फायदा कुणाच्या खात्यावर जमा झाला हे इतिहास मोठ्या हौसेने सांगतो. शर्यतीचे निकाल, विक्रमांचे दिवस आणि तास सगळे नोंदलेले आहेत. तेवढीच रक्कम नावे कुणाच्या पडली, हे आपल्याला शोधावे लागते. कधी ती चीनमधल्या एका घराच्या नावे पडते, कधी एरियलवरच्या खलाशांच्या, कधी मुंबईतल्या एखाद्या ठेवीदाराच्या.

मुंबईच्या गोदीत बांधलेले ते रुंद अंगाचे 'त्रिंकोमाली' दोनशेहून अधिक वर्षे झाली तरी इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या धक्क्याला अजून पाण्यावर तरंगते आहे. त्याने कोणतीही शर्यत जिंकलेली नाही. ते बांधणाऱ्या सुतारांनी साग वाळू दिला, सांधा सांध्याला नीट बसू दिला, आणि घाई केली नाही. पुढच्या वेळी कुणी आपल्याला 'आणखी लवकर' देऊ करील, तेव्हा घेण्याआधी एवढेच विचारावे, याचे व्याज कोण भरणार आहे? उत्तर आपले नाव असेल तर खुशाल घ्यावे.